बिल्ला नंबर ७०६

चियातुराची दरी इतकी अरुंद
की माणसं कामावर तारेवरून जातात.
खालच्या स्थानकात, काचेच्या खोलीत,
एतेरी ग्वेलेसियानी खटका ओढते,
पाळणा डोंगराकडे निघतो
आणि पुढची सहा मिनिटं तिची.

पूर्वी या सहा मिनिटांत ती मोजे विणायची.
आता मांडीवर भाच्याचा जुना लॅपटॉप.
तो कुतैसीला शिकायला गेला, जाताना
चार ओळी शिकवून गेला:

संख्या घे.
तिचे अंक सुटे कर, एकमेकांशी गुण.
उत्तर दहा किंवा दहाच्या वर असेल, तर पुन्हा तेच.
किती पायऱ्या उतरलीस ते मोज.

(नऊचं बटण निखळलंय.
'नऊच्या वर' असं तिला लिहिताच येत नाही.)

सत्त्याहत्तर.
तिच्या भाषेत: तीन विसा आणि सतरा.
आपल्याही बाजारात कधीकाळी विसांनीच मोजत.
सात साती एकोणपन्नास,
चार नवे छत्तीस,
तीन सक अठरा,
एक आठी आठ.
चार पायऱ्या. पाळणा अजून नदीवरच.

छत्तीसपाशी मी अडखळतो,
आपल्यात ते दोघे पाठीला पाठ लावून बसलेले, जन्माचे वैरी.
तिला काय त्याचं?
तिनं गुणलं, अठरा झाले, मिटलं.

सहाशे एकोणऐंशीसाठी तिला
६८० उणे १ असं टिपावं लागतं.
तिला वाटतं, बटण मोडल्याची ही शिक्षा.
तिला कोण सांगणार, की इकडे एक अख्खी भाषा
ऐंशीतून एक वजा करूनच हा आकडा बोलते,
आणि आमची बटणं शाबूत आहेत.
तीनशे अठ्ठ्याहत्तर, एकशे अडुसष्ट,
अठ्ठेचाळीस, बत्तीस, सहा.
पाच पायऱ्या.

भाचा फोनवर म्हणाला, एक आहे, पंधरा अंकी,
२७७७७७७८८८८८८९९,
अकरा पायऱ्या उतरते.
बारा उतरणारी अजून कुणाला सापडली नाही.
मोठमोठी यंत्रं लावली लोकांनी.
नाहीच, असंही कुणी सिद्ध केलेलं नाही.
एतेरीनं शेवटी ९०० टिपलं, एक वजा केला,
आणि बघत राहिली:
आकड्यांची ती लांब रांग आखडत, आखडत,
चोपन्न,
वीस,
शून्य.

खोलीत खिळ्याला एक पितळी बिल्ला लटकतो.
बापाचा. अक्वसेंती, मँगनीजची खाण, एकतीस वर्षं.
खाली जाताना बिल्ला फळीवर टांगायचा,
वर आला की काढून घ्यायचा.
७०६.
तिनं टिपलं.
पडद्यानं डोळा लवायच्या आत सांगितलं:
पायऱ्या १. तळ ०.

ती काही बोलली नाही.
पाळणा आला, दोन बाया उतरल्या, एकीच्या पिशवीतून
अक्रोड सांडले, ते गोळा करण्यात फेरी उशिरा सुटली.
दुसऱ्या फेरीत ती नुसती बसून होती.
शिडीच्या शंभर पावठ्या होत्या त्या खाणीला. जास्तच असतील.
रोज उतरायचा. रोज चढायचा.
आणि मधला तो एक भोपळा
सातालाही गिळतो, सहालाही गिळतो!

तिसऱ्या फेरीत तिनं पाचवी ओळ लिहिली.
एका स्वल्पविरामासाठी दोनदा चुकली.
*शून्य भेटला, तर एक समज.*

सात एके सात, सात सक बेचाळीस.
चार दुणे आठ.
दोन पायऱ्या.
तळाशी आठ.

रात्री भाचा हसला. "आत्या, ही लबाडी झाली.
असे नियम बदलता येत नाहीत."
"असेल लबाडी," ती म्हणाली,
"पण रिकामा पाळणाही
सहा मिनिटांनीच पोचतो."

वरून घंटी आली.
तिनं फोन खांद्यात धरला, खटका ओढला.
पाळण्यात माणूस कुणी नव्हतं,
फक्त पिठाचं एक पोतं, वरच्या वस्तीचं,
दोरीनं बाकाला बांधलेलं.